एकाच नावाचे दोन प्रोसेसर

या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, मोहिमा आणि तोफखान्यावर बोलतो. आजचा भाग वेगळा आहे. आज बोलायचंय ते टेबलावरच्या आणि मांडीवरच्या यंत्राबद्दल, म्हणजे डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांच्या पोटात बसलेल्या प्रोसेसरबद्दल. यात कसला आलाय इतिहास, असं काहींना वाटेल. पण चाळीस वर्षांची चुरस यात आहे, आणि त्यात एका बाजूनं दुसऱ्या बाजूचा गड आतून घेतला, हे ऐकल्यावर तुमचं मत बदलेल.

विषय सुचला तो मी राहतो त्या जागेमुळे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे बंगळुरूला, सर्जापूर रोडवर आलो. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे शहर, आता त्याचा हा आग्नेयेकडचा भाग म्हणजे काचेच्या इमारती आणि न हलणारी वाहनं. याच रस्त्यावर दोड्डकन्नळ्ळीला विप्रोचं मुख्यालय आहे. आऊटर रिंग रोडच्या मराठहळ्ळी ते सर्जापूर रोड या पट्ट्यात देवरबीसनहळ्ळीला इंटेलचं मोठं आवार आहे. आमच्या लिफ्टमध्ये सकाळी भेटणारी पोरं गळ्यात ओळखपत्र अडकवून निघतात ती चिपच्या कामाला. त्यातली नागपूरची, कोल्हापूरची, बेळगावची मुलं संध्याकाळी खाली बाकावर बसतात तेव्हा माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या शंकांना उत्तरं देतात. ही शंका मात्र माझी एकट्याची नव्हती. तिच्यामागे एक चूक होती, आणि ती माझी होती.

2017 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या मावसबहिणीचा मुलगा सांगलीला लग्नाच्या शूटिंगचा धंदा करतो. त्याच्याकडे 2011 साली जुळवून घेतलेला एक डेस्कटॉप होता, काळा, जाडजूड, धूळ खाणारा. त्याला लॅपटॉप घ्यायचा होता, म्हणजे शूटिंग संपल्यावर कार्यालयातच एडिटिंगला बसता येईल. त्यानं मला फोन केला, "मामा, तुम्ही फौजेत सिग्नल्समध्ये होतात, तुम्हाला कळतं यातलं." मला कळत होतं असं मलाही वाटलं. दुकानातल्या कागदावर बघितलं: वरच्या श्रेणीचा प्रोसेसर, सहा वर्षांनी नवा, गिगाहर्ट्झचा आकडाही जुन्याहून मोठा. मी म्हटलं, जुना विकून टाक आणि हाच घे. त्यानं तसंच केलं. कर्ज काढून.

पंधरा दिवसांनी त्याचा परत फोन. आवाज पडलेला. "मामा, जुना मशीन तीन तासांत जे लग्न बाहेर काढायचा, त्याला हा चार तास घेतोय. आणि पहिली दोन मिनिटं वाऱ्यासारखा पळतो, मग बसतो." लग्नसराई ऐन भरात होती. सात लग्नं त्यानं ठरलेल्या तारखेला दिली नाहीत आणि दोन गिऱ्हाइकांनी उरलेले पैसे कापले. मी त्याला सांगितलं ते चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं.

ते सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

सुरुवातीला असा फरकच नव्हता. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमनं आपला पीसी आणला, त्यात इंटेलचा 8088 होता, 4.77 मेगाहर्ट्झचा. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकनं उचलून नेता येईल असा संगणक जाहीर केला. उचलून म्हणजे कसा, तर सुमारे साडेबारा किलोचा, शिलाई मशीनच्या पेटीसारखा. त्यातही तोच 8088, त्याच वेगाचा. त्या चिपवर पंखा नाही, धातूचं कंगव्यासारखं हीटसिंक नाही, काही नाही. गरमच एवढी होत नसे. टेबलावरचा आणि हातातला संगणक तेव्हा एकाच ताकदीचे होते, एवढंच की एकाला बॅटरी नव्हती आणि दुसऱ्यालाही नव्हती.

खरी फारकत झाली ती बॅटरी आल्यावर. 1985 च्या तोशिबाच्या टी-1100 मध्ये 80C88 होता. मधला तो 'C' म्हणजे सीमॉस, कमी वीज खाणाऱ्या पद्धतीनं बनवलेली चिप. मग 1990 मध्ये इंटेलनं 386SL आणला. हा खास बरोबर नेण्याच्या संगणकांसाठी आखलेला प्रोसेसर. काम नसेल तेव्हा स्वतःला आणि आजूबाजूच्या भागांना झोपवायचं, कळ दाबली की उठायचं. फौजेत पहारा बदलतो तसं. सगळ्या तुकडीला रात्रभर उभं ठेवलं तर सकाळी लढायला कोणी उरत नाही.

इकडे टेबलावरच्या भावंडाला कसलीच चिंता नव्हती. भिंतीतून वीज येतेय, डबा मोठा आहे, पंखा लावा. मार्च 1993 मध्ये पेंटियम आला. त्याच्या कामाचं नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, 1950 चा. त्यांचं कुटुंब पंजाबी, शिक्षण दिल्लीचं, तेव्हा मराठी माणूस म्हणून आपण मिरवायचं कारण नाही, पण जन्मगाव पुणं हे खरं. तो पहिला पेंटियम पाच व्होल्टवर चाले आणि सुमारे पंधरा वॉट खात असे. आज हसू येतं, पण तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला होता. लॅपटॉपमध्ये तो घालायचा तर व्होल्टेज उतरवावं लागलं, आणि 1994 च्या शेवटी कमी व्होल्टेजचे पेंटियम लॅपटॉपमध्ये आले.

इथे एक गणित सांगतो, सोपं आहे, घाबरू नका. प्रोसेसर जी वीज खातो ती त्याच्या वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. आता वेग वाढवायचा तर बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले. 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1, म्हणजे 1.33. दहा टक्के काम जास्त, तेहतीस टक्के वीज जास्त. आणि खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांच्यातलं जवळजवळ सगळं भांडण या एका गुणाकारात आहे. हेच गणित उलटं वाचलं तर लॅपटॉपवाल्यांची चाल कळते. वेग थोडा उतरवा, वीज खूप वाचते. जानेवारी 2000 मध्ये इंटेलनं स्पीडस्टेप आणलं ते हेच. 650 मेगाहर्ट्झचा मोबाइल पेंटियम थ्री बॅटरीवर आला की आपोआप 500 वर उतरायचा. त्याच महिन्यात ट्रान्समेटा नावाच्या कंपनीनं क्रूसो हा कमी विजेचा प्रोसेसर जाहीर केला. लिनक्सवाले लिनस टॉर्वाल्ड्स तेव्हा तिथेच नोकरीला होते. कंपनी टिकली नाही, पण तिच्या भीतीनं मोठे खडबडून जागे झाले.

आता मुख्य लढाई.

नोव्हेंबर 2000 मध्ये पेंटियम फोर आला. त्याची आखणीच गिगाहर्ट्झचा आकडा वर नेण्यासाठी होती. दुकानात गिऱ्हाईक तेवढंच विचारत असे ना, "किती गिगाहर्ट्झ?" आपणही विचारलंय. एका सूचनेचं काम वीस छोट्या टप्प्यांत वाटलं, म्हणजे प्रत्येक टप्पा झटकन होतो आणि घड्याळ जोरात पळतं. पण टप्पे वाढले की एक अंदाज चुकला तर सगळी रांग रिकामी करून पुन्हा भरावी लागते. घड्याळ पळतं, काम तेवढं पळत नाही. एएमडीनं याचा फायदा घेतला. 2001 मध्ये त्यांनी 1.53 गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉनला 1800+ असं नाव दिलं, म्हणजे आमचा आकडा लहान असला तरी काम बघा. फेब्रुवारी 2004 मध्ये पेंटियम फोरची नवी पिढी आली, प्रेस्कॉट नावाची. टप्पे वीसावरून एकतीस. अपेक्षा होती की चिप लहान झाल्यावर गार होईल. झालं उलटं. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की ते बंद असतानाही त्यांतून वीज झिरपत होती. शंभर वॉटच्या पुढे गेलेला तो प्रोसेसर म्हणजे टेबलाखाली ठेवलेली शेगडीच. मे 2004 मध्ये त्याचा ठरलेला वारस, तेजस, रद्द झाला. नाव आपलं, नशीब नाही. ऑक्टोबरमध्ये 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही रद्द झाला. त्या महिन्यात एका परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट व्यासपीठावर गुडघ्यांवर बसले आणि अर्धवट थट्टेत माफी मागून गेले.

मोठी फौज घाटात अडकली होती. आणि मदत आली ती जिच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं त्या लहान तुकडीकडून.

इस्रायलमध्ये हैफा इथे इंटेलचं केंद्र आहे. तिथल्या लोकांना लॅपटॉपसाठी प्रोसेसर बनवायचं काम दिलं होतं. त्यांनी पेंटियम फोर बाजूला ठेवला आणि त्याच्या आधीच्या पेंटियम थ्रीचा वंश पुढे नेला. कमी टप्पे, मोठी कॅश, अंदाज चुकणार नाही याची जास्त काळजी, आणि जो भाग वापरात नाही त्याची वीज बंद. मार्च 2003 मध्ये पेंटियम एम बाजारात आला. सर्वांत वेगवान 1.6 गिगाहर्ट्झ, आणि उष्णतेची मर्यादा 24.5 वॉट. आकडा बघून लोकांनी नाकं मुरडली. पण प्रत्यक्ष कामात तो कितीतरी जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरच्या बरोबरीनं चालत असे. 2005 मध्ये असूसनं तर एक छोटी जोडपट्टी विकायला काढली, जिच्यावर लॅपटॉपचा पेंटियम एम बसवून तो डेस्कटॉपच्या पेंटियम फोरच्या मदरबोर्डात घालता येई. विचार करा मंडळी, लोक लॅपटॉपची चिप मुद्दाम डेस्कटॉपमध्ये घालत होते, कारण ती चांगली होती!

27 जुलै 2006 ला कोअर टू डुओ आला. डेस्कटॉपसाठी, दोन कोअरचा, 65 वॉटचा. तो याच हैफाच्या घराण्यातला. पेंटियम फोरचा वंश तिथे संपला. आज आपल्या टेबलावर जे इंटेलचे प्रोसेसर असतात त्यांची वंशावळ मागे नेली तर ती लॅपटॉपपाशी जाते. गड आतून घेतला म्हटलं ते हे.

यात आपला संबंध कुठे येतो? पुण्यात येतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेनं आपल्याला हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली. हवामानखात्याच्या कामासाठी एक मिळाला तो अटी घालून. 1988 मध्ये पुण्याला सी-डॅक उभं राहिलं, प्रमुख डॉ. विजय भटकर, आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांनी एकच एक महाकाय प्रोसेसर बनवायचा नाद सोडला. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपा कितीतरी एकत्र जोडल्या आणि 1991 मध्ये परम 8000 उभा केला. मुद्दा असा की ताकद एकाच पहिलवानात कोंबण्यापेक्षा साध्या माणसांची पलटण नीट बांधता येते. पुढे 2003 च्या जागतिक यादीत आलेला परम पद्म तर इथे बंगळुरूला, सी-डॅकच्या केंद्रात होता.

मग नोव्हेंबर 2007. पुण्याच्या टाटांच्या सीआरएल संस्थेतला 'एक' हा महासंगणक जगात चौथा आणि आशियात पहिला आला, 117.9 टेराफ्लॉप. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं. त्यात इंटेलचे चार कोअरचे झिऑन होते, आणि ते कोअर टूच्याच घराण्यातले होते. म्हणजे आशियातला सर्वांत ताकदवान संगणक ज्यांच्यावर चालत होता त्यांचा पूर्वज लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठी जन्मला होता. ही गोष्ट तेव्हा कोणी छापलेली माझ्या वाचनात आली नाही.

आणि माझ्या घराजवळ? 2005 मध्ये इंटेलच्या बंगळुरू केंद्राचा व्हाइटफील्ड नावाचा सर्व्हर प्रोसेसर मध्येच रद्द झाला होता. नाव शेजारच्या व्हाइटफील्डचंच. काम करणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल ते मला कळतं. महिनोन् महिने तयारी केलेली मोहीम एका संदेशानं मागे घेतली जाते, तेव्हा मेसमध्ये कोणी बोलत नाही. पण सप्टेंबर 2008 मध्ये इथूनच झिऑन 7400 बाहेर पडला. सहा कोअर, 190 कोटी ट्रान्झिस्टर, डिझाइन पूर्णपणे भारतात केलेला इंटेलचा पहिला प्रोसेसर. कोअर पुन्हा त्याच घराण्यातले.

एवढं सगळं झाल्यावर तुम्ही विचाराल, मग लॅपटॉप जिंकला तर सांगलीचा पोरगा का हरला?

वंश एक झाला, खोली एक झाली नाही. दोन सख्खे भाऊ, एक हवेशीर वाड्यात, दुसरा पत्र्याच्या खोलीत. डेस्कटॉपला 65 ते शंभरावर वॉट बाहेर टाकायची सोय आहे. पातळ लॅपटॉपला 15 वॉट. तेवढ्यात बसायचं तर कोअर कमी करा किंवा वेग कमी करा. आणि नाव? नाव दोघांनाही सारखंच दिलं गेलं. 2016-17 च्या सुमाराचे सगळ्यांना माहीत असलेले दोन प्रोसेसर घ्या. डेस्कटॉपचा i7-7700 चार कोअरचा, 65 वॉटचा. लॅपटॉपचा i7-7500U दोन कोअरचा, 15 वॉटचा. शेवटचं ते इवलंसं 'U' अक्षर वाचायला हवं होतं. कागदावर ते होतं, लपवलेलं नव्हतं. मी फक्त '7' वाचला.

दुसरी गोष्ट टर्बोची. 2008 च्या शेवटी ही युक्ती आली आणि 2011 मध्ये तिचं पुढचं रूप आलं, ज्यात प्रोसेसर थोडा वेळ स्वतःच्या मर्यादेच्या वर जाऊ शकतो, तापेपर्यंत. आमच्याकडे बीपीईटी नावाची शारीरिक चाचणी असायची. पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर धावायचं, शिवाय साठ मीटरची जोराची दौड वेगळी. साठ मीटरला पहिला येणारा जवान पाच किलोमीटरला पहिला येईलच असं नाही, हे कोणत्याही सुभेदारसाहेबांना विचारा. लॅपटॉपची टर्बो म्हणजे साठ मीटरची दौड. वेबपान उघडणं, पत्र लिहिणं, हिशेब, ही सगळी साठ मीटरची कामं. तिथे लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांत फरक कळतही नाही. लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ बाहेर काढणं हे पाच किलोमीटर आहे. बेंचमार्क वाचताना मी आता आधी विचारतो, चाचणी किती वेळ चालली? एक मिनिट की अर्धा तास?

पोराच्या जुन्या डब्यात चार कोअर होते, मोठा पंखा होता, आणि तो तीन तास एकाच चालीनं चालत असे. नव्यात दोन कोअर. एकेक कोअर जुन्याहून चपळ होता, पण दोन मिनिटांनी धाप लागे.

उंचीवरचा एक अनुभव जाता जाता सांगतो. लेह 3,500 मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून पंखा तेवढाच फिरला तरी उष्णता कमी वाहून नेतो. बाहेर बर्फ असूनही बंकरमधला लॅपटॉप तापून मंद झालेला मी पाहिलाय. वर फिरत्या हार्डडिस्कचं डोकं हवेच्याच पातळ थरावर तरंगतं, आणि बहुतेक डिस्क सुमारे 3,000 मीटरपर्यंतच भरवशाच्या. पहिल्या हिवाळ्यात आमच्या तीन गेल्या. आम्ही थंडीला दोष देत राहिलो.

2017 चा पुढचा भाग जरा चटका लावणारा आहे. मार्चमध्ये एएमडीनं रायझन आणला, सामान्य माणसाच्या डेस्कटॉपमध्ये आठ कोअर. कितीतरी वर्षं चारवर थांबलेली गाडी हलली. ऑगस्टमध्ये इंटेलनं 15 वॉटच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्येही चार कोअर दिले. आमची खरेदी मे महिन्यातली. तीन महिने थांबलो असतो तर!

त्यानंतरची सीमारेषा आणखी पुसट झाली. नोव्हेंबर 2020 मध्ये अ‍ॅपलनं एम-वन आणला, फोनच्या चिपच्या घराण्यातला. तोच बिनपंख्याच्या मॅकबुक एअरमध्ये, तोच टेबलावरच्या मॅक मिनीमध्ये. छोट्या कामाला दोघे सारखे. लांबलचक कामाला काही मिनिटांनी एअर वेग उतरवतो, मिनी उतरवत नाही, कारण त्याला पंखा आहे. प्रयोगशाळेत मांडावा तसा हा पुरावा, चिप एकच, फरक फक्त गारव्याचा. 2022 मध्ये इंटेलनं उलटं केलं, डेस्कटॉपचीच चिप HX नावानं जाड लॅपटॉपमध्ये बसवली. तरी आजही i7-13700 डेस्कटॉपवर सोळा कोअरचा आहे आणि i7-13700H लॅपटॉपमध्ये चौदा. एच अक्षर वाचा, मंडळी.

भाच्याचं काय झालं ते सांगतो. पुढच्या दिवाळीच्या आत त्यानं आठ कोअरचा डेस्कटॉप जुळवला. निम्मे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर सराई सुरू झाली तेव्हा त्याचं काम वेळेवर जायला लागलं होतं. लॅपटॉप तो कार्यालयात फक्त फुटेज उतरवून घ्यायला नेत असे. दोन वर्षांनी त्यानं तो मला पाठवून दिला, "मामा, तुमच्या टाइपिंगला बरा आहे." हा भाग मी त्याच्यावरच लिहिला. व्हिडिओ बाहेर काढायला लावलाय, आता पंखा सुरू झाला आहे, आणि सौ. आतून विचारतेय की कुकर लावला आहे का.